पाहुणे आपण, यजमान ते

मोबाइल घरी ठेवा, अंगात जाड लोकरीचा कोट घाला आणि चिखलाची तयारी ठेवा. सन १६९२, फेब्रुवारी महिना. तुम्ही टेम्स नदीच्या उत्तर काठावर, चेल्सी नावाच्या खेड्यात येऊन पोचला आहात. लंडन शहर अजून इथवर पसरलेलं नाही. आजूबाजूला भाजीचे मळे आणि फळबागा, आणि त्यांच्यामधे लाल विटांची एक अवाढव्य इमारत. चौकाच्या तीन बाजूंना उंच खिडक्यांच्या रांगा, चौथी बाजू नदीकडे मोकळी. एखाद्या राजपुत्राचा वाडा असणार, असं म्हणून तुम्ही दबकत आत शिरता, तर समोरून लाकडी पायावर ठकठक करत एक म्हातारा येतो आणि तुम्हाला वाटेतून बाजूला व्हायला सांगतो. त्याच्या आवाजात जरब आहे. घर त्याचं आहे.

हे रॉयल हॉस्पिटल, चेल्सी. नावात हॉस्पिटल असलं तरी हा दवाखाना नाही. लढायांत जायबंदी झालेल्या, नाहीतर नोकरीत म्हातारे झालेल्या सैनिकांनी उरलेलं आयुष्य काढावं म्हणून बांधलेलं हे घर. पॅरिसमध्ये चौदाव्या लुईनं असं एक घर उभारलं होतं. ते पाहून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६८१ च्या डिसेंबरात फर्मान काढलं आणि पुढच्या वर्षी पाया घातला. आराखडा ख्रिस्तोफर रेनचा, सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा तोच. इमारत पुरी व्हायला दहा वर्षं गेली. तोवर चार्ल्स वारला, त्याचा भाऊ जेम्स गादीवर आला आणि पळालाही. आता विल्यम आणि मेरी राज्य करताहेत. चार्ल्सची लाडकी नटी नेल ग्विन हिनं हट्ट धरला म्हणून हे घर झालं, अशी कथा लोक मोठ्या हौसेनं सांगतात. ऐका आणि सोडून द्या. खरी हकीकत रुक्ष आहे, पण जास्त महत्त्वाची आहे. या घराच्या खर्चातला मोठा वाटा शिपायांच्याच पगारातून कापून घेतलेला आहे. लाकडी पायाच्या त्या म्हाताऱ्यानं तरुणपणीच इथल्या विटांचे पैसे भरले आहेत. मघाची जरब आली ती तिथून.

जिना चढून वर चला. पायऱ्या बुटक्या आहेत हे आधी तुमच्या गुडघ्यांच्या लक्षात येईल. म्हाताऱ्या पायांना झेपाव्यात म्हणून रेननं त्या मुद्दाम कमी उंचीच्या ठेवल्या. वर लांबच लांब दालन, आणि त्यात ओकच्या फळ्यांनी पाडलेल्या ओळीनं खोल्या. खोल्या म्हणायचं इतकंच. सहा फूट लांब, सहा फूट रुंद. एक खाट, एक पेटी, दार लावलं की संपलं. आडव्या पडलेल्या माणसाचे पाय भिंतीला टेकतात. पण दार आहे, आणि ते आतून लावता येतं. आयुष्यभर तंबूत आणि दुसऱ्यांच्या गोठ्यात झोपलेल्या माणसाला आपलं स्वतःचं दार म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. मार्च संपेपर्यंत इथल्या सगळ्या ४७६ जागा भरतील.

या घराचे गोडवेच गायला नकोत. बायको असेल तर तिला इथं जागा नाही. बाहेर जायला परवानगी लागते, दार ठरल्या वेळी बंद होतं, आणि म्हातारपणीही हजेरी चुकत नाही. ज्याला हे चालणार नाही त्यानं बाहेर राहून पेन्शन घ्यावी. आत यायचं तर पेन्शनवर पाणी सोडायचं आणि त्याच्या बदल्यात छप्पर, जेवण, औषध आणि लाल कोट घ्यायचा.

आता त्याच वर्षाच्या डिसेंबरात या. बाहेर चार वाजताच अंधार होतो. पहिला नाताळ जवळ आलेला. एवढ्या सगळ्यांच्या तोंडाला सणाची चव यावी म्हणून रॉयल हॉस्पिटल गावातल्या चीजवाल्याला सांगतं, की नाताळासाठी आमच्या म्हाताऱ्यांना चीज द्या. तो देतो. बस्स, एवढीच गोष्ट. पण कुठल्याही संस्थेत पहिल्या वर्षी केलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी पद्धत होते आणि तिसऱ्या वर्षी हक्क. हे चीज तुम्हाला पुढे पुन्हा भेटणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

१७३३ मध्ये जरा थांबा, आवाराच्या कडेला असलेल्या दफनभूमीपाशी. विल्यम हिसलँड नावाच्या पेन्शनरला, म्हणजे इथल्या एका रहिवाशाला, नुकतं पुरलं आहे. दगडावर त्याचं वय ११२ कोरलं आहे आणि शंभरी ओलांडल्यावर त्यानं लग्न केलं अशीही नोंद आहे. वयाचा हिशेब कुणी तपासू नये. म्हाताऱ्यांनी आपल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याची फुशारकी मारायची, हा या घराचा करमणुकीचा पहिला प्रकार दिसतो.

आता नीट बसा, कारण पुढच्या मुक्कामात जास्त वेळ काढायचा आहे. तारीख २९ मे १८२३.

आज ओक अ‍ॅपल डे. वॉर्सेस्टरच्या लढाईत १६५१ साली हरलेला तरुण चार्ल्स एका ओकच्या झाडावर पानांत लपून बसला होता आणि शोध घेणारे शिपाई खालून निघून गेले. नऊ वर्षांनी, २९ मे १६६० ला, आपल्या तिसाव्या वाढदिवशी तो राजा म्हणून लंडनमध्ये परतला. तेव्हापासून आजची तारीख देशभर सुट्टीची. लोक टोपीला ओकची डहाळी लावतात. पण बाकीच्या देशाला ही सुट्टी आहे, चेल्सीला मात्र हा घरचा सण आहे, कारण त्या झाडावरून तो उतरला नसता तर हे घर झालं नसतं.

चौकात या. मधोमध चार्ल्सचा पुतळा आहे, रोमन सेनापतीच्या पोशाखात, ग्रिन्लिंग गिबन्सनं केलेला. मुळात तो सोन्याच्या मुलाम्याचा होता. १७८२ मध्ये त्यावर काळपट ब्राँझचा थर चढवला. आज ते सगळं बाजूला, कारण पुतळा ओकच्या फांद्यांत बुडाला आहे. फांद्यांचे ताजे घाव अजून ओले आहेत, त्यांचा तुरट वास सगळ्या चौकात भरला आहे. प्रत्येक लाल कोटावर एकेक डहाळी. काही हात थरथरतात, काहींना एकच हात आहे, तेव्हा डहाळी लावून द्यायला शेजारी पुढे होतो. ‘उजवीकडे घे, वाकडी दिसते आहे,’ असं तिसरा लांबूनच सांगतो. या तिघांत एकूण हात चार आणि डोळे पाच आहेत. कुणाला त्यात विशेष वाटत नाही.

या म्हाताऱ्यांचा भाव सध्या वधारलेला आहे. मागच्याच वर्षी डेव्हिड विल्की या चित्रकारानं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात एक चित्र मांडलं: चेल्सीचे पेन्शनर रस्त्यावर जमून वॉटर्लूच्या विजयाची बातमी वाचताहेत. ते पाहायला इतकी झुंबड उडाली, की चित्राला धक्का लागू नये म्हणून पुढे कठडा घालावा लागला. चित्र काढून घेतलं होतं खुद्द वेलिंग्टननं. त्यामुळे आज भेटीला आलेली शहरी मंडळी या म्हाताऱ्यांकडे चित्रातली माणसं पाहावीत तशी पाहताहेत. म्हातारे त्याचा पुरेपूर फायदा घेतात. गोष्ट जितकी लांब तितका तंबाखू जास्त.

त्यातल्या एकाशेजारी बाकावर टेका. साठी उलटलेली, गालावर जुना व्रण.

‘कुठून आलात?’

‘पुण्याकडून.’

तो तुम्हाला खालून वरपर्यंत न्याहाळतो आणि असईचं नाव घेतो. जालन्याकडचं ते गाव, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्लीनं तिथं हल्ला चढवला आणि लढाई जिंकली. जिंकताना त्याची दीड हजाराहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. तोच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. म्हातारा तुमच्यासमोर शौर्याच्या बढाया मारत नाही. तो शिंद्यांच्या गोलंदाजांबद्दल बोलतो. ते तोफा सोडून हलले नाहीत, काही मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि गोरे पुढे सरकल्यावर उठून त्याच तोफा मागून डागू लागले. ‘तसली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत,’ असं म्हणून तो तंबाखूकडे वळतो.

तुमच्या पोटात मात्र कालवाकालव होते. ज्यानं तुमच्या माणसांवर संगीन चालवली तो म्हातारा आज ओकची डहाळी लावून बसला आहे. त्याचं म्हातारपण राज्याच्या वहीत नोंदलेलं आहे. तुमच्याकडे काय होतं? लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना पालनपोषणासाठी बालपरवेशी मिळे, क्वचित इनाम जमीन मिळे. मदत घराला मिळायची आणि म्हाताऱ्यानं त्या घरात राहायचं, असा हिशेब. घर होतं तोवर तो हिशेब चुकीचा नव्हता. ज्याला घरच उरलं नाही त्याचं काय, हा प्रश्न त्यात बसत नव्हता. चेल्सीनं नेमका तोच प्रश्न घेतला.

जेवणाची वेळ झाली. गोमांस, प्लम पुडिंग आणि बियर. आज वाढणाऱ्याचा हात सैल आहे. दात नसलेले पुडिंगपासून सुरुवात करतात. चार्ल्सच्या नावानं जयघोष होतो. त्या जयघोषात राजनिष्ठा किती आणि बियर किती, हे विचारू नये.

१८५२ च्या नोव्हेंबरातून लवकर निघू. सण नाही, सुतक आहे. वेलिंग्टन गेला आणि त्याचं शव इथल्या ग्रेट हॉलमध्ये दर्शनाला ठेवलं आहे. भिंती काळ्या कापडानं झाकल्या आहेत. बाहेर इतकी गर्दी लोटली आहे, की चेंगराचेंगरीत दोन माणसं दगावली. उभ्या आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं होतं. बाकावरचा तो म्हातारा आज असता तर कॉलर ताठ करून फिरला असता. पुढच्याच वर्षी नदीकडच्या मैदानात एक उंच दगडी स्तंभ उभा राहील, पंजाबातल्या चिलियनवालाच्या लढाईत १८४९ मध्ये पडलेल्यांचा. या घराच्या अंगणात हिंदुस्थान असा जागोजाग भेटतो.

१८५९ मध्ये पार्लमेंट ओक अ‍ॅपल डेची सुट्टी कायद्यानं रद्द करतं. देश हळूहळू तो सण विसरतो. चेल्सी विसरत नाही. तरुणांनी टाकलेला सण म्हाताऱ्यांनी सांभाळला, कारण तो त्यांच्या घराचा होता आणि त्यासाठी त्यांना कुणाची सुट्टी लागत नव्हती.

३ जानेवारी १९४५. नाताळचे बारा दिवस अजून संपलेले नाहीत. चार वर्षांपूर्वी, एप्रिल १९४१ मध्ये, या आवारातली रुग्णशाळा बाँबनं जमीनदोस्त झाली. अनेक पेन्शनरांना खेड्यांतल्या घरांत हलवलं आहे. उरलेले इथंच आहेत. आज ईशान्येच्या अंगावर व्ही-टू रॉकेट येऊन पडलं. माणसं गेली. याच जागी पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, बाँब पडला होता. तेव्हा बांधून काढलेलं घर आता पुन्हा विटांचा ढीग झालं आहे. विटांच्या धुळीत उभे असलेले म्हातारे तुम्हाला दिसतील. त्यांना धीर द्यायला पुढे होऊ नका, तुमच्यापेक्षा त्यांनी तोफा जास्त पाहिल्या आहेत. पडलेला भाग पुन्हा उभा राहायला १९६० चं दशक उजाडेल. मधल्या काळात १९५५ च्या सुमारास सहा फुटांच्या खोल्या नऊ फुटांच्या होतील, आणि बरीच वर्षं इतर कामांना दिलेला ग्रेट हॉल पुन्हा जेवणघर होईल.

आता शेवटचा मुक्काम. डिसेंबर २००९. कोट तोच ठेवा, थंडी बदललेली नाही. चौकातला चार्ल्स मात्र पुन्हा सोनेरी झाला आहे. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २००२ मध्ये, त्यावर मुलामा चढवला.

लाल कोटांच्या गर्दीत यंदा पहिल्यांदाच बायका आहेत. मार्चमध्ये दोन माजी महिला सैनिकांना इथं प्रवेश मिळाला. तीन शतकांचं पुरुषांचं घर, कुरकुर झालीच असेल. पण कोट तोच आणि बटणंही तीच.

टेबलावर चीज आहे. बरोबर, १६९२ चंच. चीजवाला आता एकटा राहिलेला नाही. देशातल्या दुग्धव्यवसायाची संघटना दरवर्षी निरनिराळ्या ठिकाणची चीज भेट देते. मधोमध चेडरचा भला थोरला गोल. आता नीट पाहा. भेट देणारे बाजूला उभे राहतात आणि एक पेन्शनर पुढे येतो. त्याच्या हातात तलवार दिली जाते. तो पाऊल रोवतो, कवायतीतल्यासारखी पाठ सरळ करतो आणि पातं चीजवर टेकवतो. चेडर टणक असतं, तलवार एका झटक्यात उतरत नाही. तो दुसऱ्या हाताचा भार देतो. छातीवरची पदकं एकमेकांवर आपटून किणकिणतात. मदतीला कुणी धावत नाही. पातं खाली टेकतं आणि टाळ्या पडतात. असाच एक केक दरवर्षी ऑस्ट्रेलियातल्या माजी सैनिकांकडून येतो, दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेली पद्धत. तोही तलवारीनंच कापायचा.

उन्हाळ्यात आला असतात तर फाउंडर्स डे दिसला असता. तोच जुना ओकचा सण, आता जूनच्या आसपास. राजघराण्यातलं कुणीतरी पाहणीला येतं. डोक्यावर तीन कोपऱ्यांच्या काळ्या टोप्या, कोटावर ओकची पानं, रांगा आखलेल्या. ज्यांना उभं राहवत नाही ते बसून रांगेत असतात आणि मग पाहुण्याला वाकून बोलावं लागतं. मे महिन्यात याच मैदानात १९१३ पासून फुलांचं जगप्रसिद्ध प्रदर्शन भरतं. त्यात पेन्शनर मिरवतात, बाहेरच्यांना वाट दाखवतात, फोटोला उभे राहतात. रोजच्या दिवसांत भाजीचे वाफे आहेत, खेळ आहेत, क्लबात संध्याकाळचा ग्लास आहे, रविवारी चॅपलआधी परेड आहे. दरवाजा आता सैल झाला आहे, खोल्यांना २०१५ पर्यंत स्वतःची न्हाणीघरंही जोडली जातील. परेड मात्र राहिली आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचा आनंदही राहिला.

आता परत आपल्या गावी या.

पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं निराधारांचं घर, आजचा ‘निवारा’, १८६० च्या दशकापासून आहे. म्हणजे वृद्धाश्रम ही काही आपल्याकडे काल-परवा आलेली चीज नव्हे. आज तर ठिकठिकाणी असे आश्रम आहेत आणि दिवाळीत त्यांच्या दारात गाड्यांची रांग लागते. मंडळं येतात, कंपन्यांचे गट येतात, शाळेची मुलं येतात. आजी-आजोबांना खुर्च्यांवर ओळीनं बसवतात. फराळाची पाकिटं हातात, त्यावर एक शाल, समोर मुलांचा नाच, मग फोटो. दुपारपर्यंत दुसरा गट हजर, पुन्हा चिवडा, पुन्हा नाच. हेतूबद्दल शंका नको, येणारे मनापासून येतात. न येण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण या सगळ्या सणात त्या घरात राहणाऱ्यांना कामच नसतं. त्यांनी बसायचं, घ्यायचं आणि गहिवरायचं. चार-पाच गट झाले की गहिवरही दमतो.

चेल्सीत पैसा आहे, राजाश्रय आहे, तीनशे वर्षांची पुण्याई आहे. ते आपल्याला उचलून आणता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. उचलण्यासारखी गोष्ट फुकटची आहे. तिथं सणाच्या दिवशी तलवार म्हाताऱ्याच्या हातात असते. आपल्याकडच्या आजींच्या हातात झारा का नसावा? चकलीची भाजणी कशी करायची, हे त्या खोलीतल्या दहा जणींना येतं आणि नाचायला आलेल्या मुलांच्या आयांना येत नाही. आकाशकंदिलाच्या काड्या तासण्यात एखाद्या आजोबांचा अजून हातखंडा असेल. भाऊबीजेला आलेल्या मुलांना ओवाळणी आजोबांनी द्यावी, दहा रुपयांची का होईना, त्यांच्या खिशातली. पाडव्याला काय शिजवायचं हे त्यांनी ठरवावं आणि त्यावरून त्यांच्यात भांडण झालं तर होऊ द्यावं. ज्यांना खाटेवरून उठवत नाही त्यांच्याकडे निदान मीठ बरोबर पडलं का, हे विचारायला जावं. आश्रम चालवणाऱ्यांना यात त्रास आहे. हात भाजतील, पीठ सांडेल, वेळापत्रक कोलमडेल. घराघरांतली दिवाळी यापेक्षा वेगळी कुठे असते?

तेव्हा यंदा जाणार असाल तर जरूर जा. फक्त पंधरा दिवस आधी फोन करा, शक्यतो तिथल्याच एखाद्या आजींशी किंवा आजोबांशी बोला आणि विचारा: आम्ही कधी येऊ, आणि आल्यावर आम्हाला काय काम सांगाल?